वाचक विचारतात: दोन प्रोटीन खरंच भेटतात का, हे जिवंत सेलमध्ये कसं बघायचं?

प्रश्न: ताई, मी नागपूरला एमएससी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये दोन प्रोटीन आहेत, एकाला हिरवा टॅग (चमकणारी खूण) लावला, दुसऱ्याला लाल. कॉन्फोकलवर (लेसरने सेलचा एकेक पातळ थर दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपवर) दोन्ही एकाच जागी दिसले, मर्ज केल्यावर छान पिवळं आलं. कोआयपी (एका प्रोटीनला अँटिबॉडीने ओढायचं आणि सोबत दुसरं येतं का बघायचं) केलं तर दुसऱ्याचा बँडपण आला. तरी परीक्षक म्हणाले की यावरून जिवंत सेलमध्ये ही दोघं एकमेकांना धरतात हे सिद्ध होत नाही. मग कशाने होतं? आमच्याकडे साधा फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोप आहे, कॉन्फोकल दुसरीकडे बुकिंग करून मिळतो.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: अगं, वाईट वाटून घेऊ नको, पण परीक्षकांचं बरोबर आहे. सीताबर्डीच्या किल्ल्यावरून खाली इंटरचेंज स्टेशनकडे बघितलं तर ऑरेंज लाइनची आणि ॲक्वा लाइनची माणसं एकाच गर्दीत दिसतात, म्हणून ती एकमेकांना ओळखतात असं आपण म्हणत नाही ना. मायक्रोस्कोपचंही तसंच आहे, साध्या प्रकाशात दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात साधारण २०० नॅनोमीटर अंतर लागतं आणि तुझं प्रोटीन असतं ४-५ नॅनोमीटरचं, म्हणजे त्या पिवळ्या ठिपक्यात दोघं एकमेकांपासून लांब उभी असली तरी रंग तोच येणार. आणि कोआयपीत तर आपण डिटर्जंट टाकून सेल फोडतो, मग जी प्रोटीन एरवी वेगवेगळ्या खोल्यांत राहतात तीसुद्धा एका नळीत एकत्र येतात आणि तिथे चिकटू शकतात, उलट जी खरी पण नाजूक जोडी असते ती वॉशमध्ये सुटून जाते. तुझा बँड खोटा आहे असं नाही म्हणत मी, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे एवढंच.

जवळीक मोजायची तर फ्रेट. थिओडोर फोर्स्टर यांनी १९४० च्या दशकात याचा हिशोब मांडला: एक रंगद्रव्य आपली ऊर्जा शेजारच्याला प्रकाश न टाकता देऊन टाकतं, आणि हे देणं अंतराच्या सहाव्या घाताने घटतं. सीएफपी (निळसर) आणि वायएफपी (पिवळा) या टॅगच्या जोडीत ५ नॅनोमीटरच्या आसपास निम्मी ऊर्जा जाते, अंतर दुप्पट झालं की जेमतेम दीड टक्का उरते. म्हणून सिग्नल आला तर टॅग खरंच अगदी जवळ आहेत. पण नाही आला तर लगेच हात झटकू नको, दोन्ही टॅग प्रोटीनच्या विरुद्ध टोकांना असतील तर जोडी असूनही फ्रेट येत नाही, टॅगचं टोक बदलून बघायचं. कॉन्फोकल मिळतो म्हणतेस तर ॲक्सेप्टर फोटोब्लीचिंग कर: वायएफपीला जोरात प्रकाश देऊन जाळायचं आणि सीएफपी उजळतो का बघायचं, कारण आता त्याची ऊर्जा घ्यायला कोणी उरलं नाही. मात्र नुसता सीएफपी आणि नुसता वायएफपी असलेल्या प्लेटा त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर घे, सीएफपीचा प्रकाश वायएफपीच्या चॅनलमध्ये सांडतो आणि तो सांडलेला प्रकाश फ्रेट म्हणून सहज खपून जातो.

तुमच्या साध्या मायक्रोस्कोपवर जमेल असं म्हणजे बायएफसी. वायएफपीचे किंवा त्याचाच सुधारलेला प्रकार असलेल्या व्हीनसचे दोन तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका प्रोटीनला जोडायचा, एकटा तुकडा चमकत नाही, दोघं भेटले की तुकडे जुळून चमक येते. २००२ मध्ये सस्तन प्राण्यांच्या सेलमध्ये हे करून दाखवलं गेलं. जुन्या वायएफपीच्या तुकड्यांना ३७ डिग्री मानवत नसे म्हणून प्लेट काही तास ३० ला ठेवायचे, व्हीनसला ती कटकट नाही.

पण याच्यात एक मोठी गोम आहे आणि ती मी स्वतः भोगलीय. तुकडे एकदा जुळले की सुटत नाहीत, आणि प्रोटीन सेलमध्ये ठासून भरलं तर तुकडे आपले आपणच जुळतात. माझ्या पहिल्या बायएफसीच्या प्लेटा इतक्या सुंदर चमकल्या होत्या की तीन आठवडे मी त्याच फोटोंवर विसंबून पुढचं सगळं ठरवत गेले, मग जोडणारी जागा बिघडवलेला म्युटंट लावला तर तोही तितकाच चमकला. रडू आलं होतं तेव्हा. शेवटी प्लास्मिड (प्रोटीन बनवायला सेलमध्ये घालतो तो डीएनए) दहापट कमी केलं, तेव्हा म्युटंट विझला आणि मूळ जोडी मंद का होईना पण टिकली, आणि तो मंद फोटोच खरा होता. म्हणून तुला कळकळीने सांगते, म्युटंट आधी बनव, फोटो नंतर. टॅगचा नुसता तुकडा हा कंट्रोल पुरत नाही.

जोडी सुटतानापण बघायची असेल, समजा औषध घातल्यावर, तर बायएफसी उपयोगाचं नाही. तिथे नॅनोबिट बघ, ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या एन्झाइमचे दोन तुकडे, धाकटा फक्त ११ अमिनो ॲसिडचा, मुद्दाम असे निवडलेले की आपणहून चिकटत नाहीत आणि जुळले तरी सुटू शकतात. याला मायक्रोस्कोप लागत नाही, ल्युमिनोमीटर (प्रकाश मोजणारं यंत्र) लागतो.

आणि हो, इमेजिंगच्या वेळी फिनॉल रेड (मीडियममधला लाल रंग) नसलेलं मीडियम घे, बॅकग्राउंड किती उतरतं ते दिसेलच. मे महिन्यात बुकिंग असेल तर खोलीचा एसी तासभर आधी लावायला सांग, आपल्याकडच्या ४५ डिग्रीत खोली थंड होत असताना फोकस सारखा सरकतो.

प्रश्न: जोडीदार कोण हेच माहीत नसेल तर? यीस्ट टू-हायब्रिड अजून चालतं का?
— एक शिक्षक, धरमपेठ

उत्तर: चालतं की सर. फील्ड्स आणि साँग यांनी १९८९ मध्ये गॅल४ या जीन चालू करणाऱ्या यीस्टच्या प्रोटीनचे दोन भाग वेगळे करून ते जमवलं, एकेक भाग एकेका प्रोटीनला जोडायचा, दोघं भेटले की जीन चालू होतं, आणि अनोळखी जोडीदार हुडकायला ते आजही स्वस्त पडतं. मात्र भेट यीस्टच्या न्यूक्लियसमध्ये घडवावी लागते, त्यामुळे मेम्ब्रेनमधल्या प्रोटीनला त्याचा मूळ प्रकार चालत नाही. तिथे मला टर्बोआयडी आवडतं, २०१८ चं आहे: तुमच्या प्रोटीनला एक एन्झाइम जोडायचं, बायोटिन (एक छोटं व्हिटॅमिन) घालायचं, १० मिनिटांत ते आजूबाजूच्यांना बायोटिन लावून मोकळं होतं, मग बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनने ओढून, कोणकोण आहे ते ओळखायला मास स्पेक्ट्रोमेट्रीला द्यायचं. धुळवडीला गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकावर गुलाल पडतो, तसंच हे, ज्याला रंग लागला तो तुमच्या प्रोटीनचा मित्रच असेल असं नाही. म्हणून एन्झाइम एकटंच, त्याच जागी पाठवलेलं, अशी एक प्लेट सोबत लावा आणि तिच्यात जी नावं येतील ती यादीतून आधी वजा करा.