जीडीपीआर, आयएसओ की आपला डीपीडीपी: चांगलं मानक कसं ओळखायचं?

आपली वैयक्तिक माहिती जपायला युरोपचा जीडीपीआर कायदा चांगला, आयएसओचं मानक चांगलं की आपला डीपीडीपी कायदा, हे ठरवायला कलमांची तुलना करत बसू नका. साध्या माणसानं 'माझी माहिती कुणाला दिलीत?' असं विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं का, एवढं बघा.

पुण्यात आईची रक्ततपासणी केली. रिपोर्ट यायच्या आधीच तिला मधुमेहाची औषधं विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. नंबर नवा, घरच्यांशिवाय फक्त त्या लॅबकडे दिलेला. जाब विचारायला गेले तर काउंटरवरून भिंतीवरचं आयएसओ 27001 चं, म्हणजे माहितीच्या सुरक्षेचं, सर्टिफिकेट दाखवण्यात आलं. लेखी अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. आई इतकी धास्तावली की अनोळखी फोन घेईना, त्यात डॉक्टरांचाही फोन राहिला. ते सर्टिफिकेट कामाच्या कुठल्या भागाला लागू, हे लॅबच ठरवते. त्यामुळे कुणी ते दाखवलं तर आधी त्याची व्याप्ती वाचा.

माझा भाऊ स्टुटगार्टला असतो. त्यानं जिम सोडल्यावर जीडीपीआरच्या कलम 15 खाली, म्हणजे स्वतःची माहिती मागायच्या हक्कानं, एक मेल टाकला आणि महिन्याच्या आत त्याची सगळी नोंद हातात आली. मुदत कायद्यातच आहे. शिवाय कलम 82 प्रमाणे नुकसानभरपाई मागता येते. दंड 2 कोटी युरोपर्यंत किंवा कंपनीच्या जागतिक उलाढालीच्या 4 टक्क्यांपर्यंत, जास्त असेल तो. 2023 मध्ये फेसबुकवाल्या मेटाला 120 कोटी युरो दंड बसला, म्हणून तिकडे जिमवालाही मेल वाचतो.

आपल्या 2023 च्या डीपीडीपी कायद्यात दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. आयटी कायद्यातलं भरपाईचं 43ए हे कलम मात्र याच कायद्यानं काढायला घेतलंय. म्हणजे त्रास आईला आणि पैसा सरकारला! वर सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं. माझ्या लेखी हा कायदा इथेच नापास.

आमचे भावोजी दर दिवाळीला म्हणतात, "आपल्या लोकांना प्रायव्हसीचं काही पडलेलं नसतं." त्यांना सांगायचंय, निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामींनी आधारविरुद्ध याचिका केली तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते आणि त्याच खटल्यात 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी एकमतानं गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. युरोपातही सगळं आलबेल नाही. बड्या कंपन्यांची प्रकरणं आयर्लंडमध्ये वर्षानुवर्षं रेंगाळतात, हे मान्य. पण भावोजी, आईनं फोन उचलणं सोडलं ते काही पडलेलं नव्हतं म्हणून नव्हे.