गणपतीच्या आराशीतल्या बाहुल्यांच्या भजनी मंडळासाठी कागदी पखवाज कसा करू? आमच्याकडे मालवणात दमटपणात टिकेल का?

टिकेल, पण पुठ्ठ्याच्या नळीऐवजी क्विलिंगच्या (कागद गुंडाळून करायच्या कलेच्या) अरुंद कागदी पट्ट्या वापरा. त्या घट्ट गुंडाळून दोन सारख्या चकत्या करा, मधला भाग अंगठ्याने ढकलून वाट्या करा आणि रुंद कडा एकमेकींना चिकटवा; पखवाजाचं पोट आपोआप येतं. टोकं चपटी दाबा, डावं जास्त, कारण ते तोंड मोठं असतं. उजवीकडे शाई म्हणून काळा ठिपका रंगवा, डावीकडे कणीक म्हणून फिका (हे उलटं झालं तर बुवा पहिल्यांदा तेच बघणार!). वादीऐवजी (चामड्याच्या पट्टीऐवजी) शिवणाचा दोरा, गठ्ठ्यांना (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांना) काडेपेटीच्या काड्यांचे तुकडे. दमट हवेत वळी सैल पडते, म्हणून जोडण्याआधी वाट्यांना आतून फेविकॉल फिरवून पुरतं वाळू द्या, शेवटी वॉर्निश. सावंतवाडीचे गंजिफाही (हाताने रंगवलेले गोल पत्ते) चिंचोक्याची खळ आणि लाखेवरच टिकतात. फक्त स्केचपेन टाळा, वॉर्निशखाली पसरतं. ॲक्रिलिक रंग घ्या.