बंपर बेकायदा असला, तरी विम्याचा दावा संपलेला नाही

पाटण तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात देते: "माझ्याकडे डबल केबिन पिकअप आहे, खासगी पासिंगची. कोयनानगरकडे रात्री-अपरात्री जाणं असतं. दोनदा गवा आडवा आला, म्हणून नोव्हेंबरात कंपनीचा बंपर काढून कराडच्या एका फॅब्रिकेटरकडून जाड लोखंडी बंपर बसवून घेतला. 'आरटीओ काही म्हणत नाही' असं तो म्हणाला होता. फेब्रुवारीत मल्हारपेठजवळ आडव्या रस्त्यावरून दुचाकी पुढे आली. मी ब्रेक मारला, तरी धडक बसली, त्या मुलाचा पाय मोडला. माझी गाडी घसरून झाडावर आदळली, एअरबॅगही उघडल्या नाहीत. मुलाला मीच दवाखान्यात नेलं. विमा कंपनीनं 'वाहनात अनधिकृत बदल' एवढ्या एका ओळीवर साडेतीन लाखांचा दावा फेटाळला. आता मुलाची भरपाई मला खिशातून, शेत विकून द्यावी लागेल का? गाडी सुपुर्तनाम्यावर सोडवून आणली आहे. मित्र म्हणतात, बंपर भंगारात घाल आणि जुना बसवून टाक."

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यात उशीर चालणार नाही. बंपरला हात लावू नका. गाडी अजून मुद्देमाल आहे. सुपुर्तनाम्यावर, म्हणजे गाडी परत घेतानाच्या हमीपत्रावर, तुम्ही सही केली आहे, आणि गाडी आहे त्या स्थितीत ठेवायची, मागितली की हजर करायची, ही त्यातली नेहमीची अट असते. पोलिसांनी पंचनामा केला आहे, विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं फोटो काढले आहेत. म्हणजे बंपर काढून लपणार काहीच नाही, उलट पुरावा नष्ट केल्याचा आरोप मात्र अंगावर येईल. तो काढायलाच हवा, पण रीतसर. ज्या न्यायालयानं गाडी सोडली तिथंच अर्ज करा, चारही बाजूंनी फोटो आणि मोजमाप घ्या, परवानगी मिळाली की काढा आणि काढलेला बंपर जपून ठेवा. तोवर गाडी रस्त्यावर आणू नका.

आता बंपर बेकायदा आहे का? माझ्या मते आहे, आणि तुमच्या बाजूनं बोलायचं म्हणून मी ते नाकारणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीमधला (नोंदणी प्रमाणपत्रातला) तपशील आणि उत्पादकाचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडक शब्दांत लावलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं सर्व राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर, म्हणजे गाडीपुढे बसवलेल्या अशाच लोखंडी दांड्यांवर, कारवाई करायला सांगितलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बचावाला एक जागा आहे. कलम ५२ चं स्पष्टीकरण सांगतं की 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेत असा फेरफार, की ज्यानं तिचं मूळ स्वरूपच बदलतं. नुसत्या बोल्टवर बसवलेल्या वस्तूबद्दल हा युक्तिवाद करता येतो. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या फोटोंत मात्र कंपनीचे ब्रॅकेट गॅसकटरनं कापलेले दिसतात. तिथं हा युक्तिवाद लंगडा पडतो.

त्याच फोटोंतला आणखी एक मला विसरता येत नाही. बंपरच्या डाव्या टोकाला, वेल्डिंगच्या कडेवर, निळ्या जीन्सचा धागा अडकला आहे. मूळ बंपरला वर प्लॅस्टिक असतं, मागं आडवी पट्टी आणि ती चॅसीला जोडणारे दोन डबे असतात. ते धक्क्यात चुरगळावेत म्हणूनच बनवलेले असतात. तुमच्या लोखंडात चुरगळायला काहीच नव्हतं. सगळा मार आधी त्या मुलाच्या नडगीनं घेतला. गव्याची भीती मला कळते, त्या रस्त्यानं मीही रात्री आले आहे. पण रस्त्यावर गव्यापेक्षा माणसं जास्त भेटतात.

मुलाच्या भरपाईबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये विमा कंपनीनं तिसऱ्या व्यक्तीविरुद्ध, म्हणजे इथं त्या मुलाविरुद्ध, कोणते बचाव घ्यायचे याची ठरावीक यादी आहे: लायसन्स नसणं, दारू पिऊन चालवणं, परवान्याविना धंद्यासाठी वापर अशा गोष्टी. बंपर किंवा गाडीतला बदल त्या यादीत नाही. यादीतला एक बचाव मात्र नीट बघायला हवा: महत्त्वाची गोष्ट लपवून पॉलिसी घेतली, हा. म्हणून तुमच्या प्रकरणात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे फॅब्रिकेटरची पावती. तिच्यावर तारीख नोव्हेंबरची आहे, पॉलिसी जूनची. पॉलिसी घेताना बंपर नव्हताच, मग लपवलं काय? ही पावती लॅमिनेट करून ठेवा. त्यामुळे तुमचं लायसन्स वैध असेल आणि दारूचा प्रश्न नसेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती विमा कंपनीनं द्यायची. शेत विकायचा विचार डोक्यातून काढा. फौजदारी खटला, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १२५, स्वतंत्र चालेल. तिथं तुमचा वेग आणि मुलगा बाहेर आला तो रस्ता यांवर सगळं ठरेल.

तुमच्या गाडीच्या साडेतीन लाखांचा प्रश्न वेगळा, कारण तिथं पॉलिसीच्या अटी लागतात, आणि बदल कळवायची अट तुम्ही मोडली असण्याची शक्यता आहे. तरीही दावा सरसकट फेटाळणं योग्य नाही. नितीन खंडेलवाल प्रकरणात खासगी गाडी भाड्यानं चालवली जात होती आणि ती चोरीला गेली. अट मोडण्याचा चोरीशी संबंध नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये म्हटलं आणि ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम ठेवला. २०१० च्या अमलेंदू साहू प्रकरणात, तिथं तर अपघातच होता, पूर्ण नकार टिकला नाही. तुमच्या गाडीचा डावा दरवाजा, दरवाज्यालगतचा खांब आणि मागचं चाक झाडावर बसलं आहे. त्याचा बंपरशी काय संबंध, हे कंपनीनं सांगायला हवं. बॉनेट आणि रेडिएटरच्या खर्चावर मात्र वाद होईल, तिथं काही सोडावं लागेल अशी तयारी ठेवा.

तक्रारीत 'बंपरमुळे एअरबॅग उघडल्या नाहीत' असं लिहू नका. पुढच्या एअरबॅग समोरून बसणाऱ्या धक्क्यासाठी असतात, बाजूनं झाडावर आदळलेल्या गाडीत त्या न उघडणं स्वाभाविकही असू शकतं. माहीत नसलेलं कारण लिहून कंपनीच्या हातात कोलीत देऊ नका.

करायचं असं: सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकारच आला, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. त्यानं भागलं नाही तर साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. दोन्हीकडे एकदम जाऊ नका. नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला पुढे नव्यानं काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं आहे. म्हणून ते एका ओळीचं पत्र जपा. 'आरटीओ काही म्हणत नाही' म्हणणाऱ्या फॅब्रिकेटरविरुद्धही ग्राहक आयोगात तक्रार होऊ शकते. त्याचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर पुसू नका.

त्या मुलाला भेटायला जरूर जा. आईवडिलांशी बोला, औषधाला मदत करावीशी वाटली तर करा आणि पावती ठेवा. पण गावातलं कुणी स्टॅम्प पेपर घेऊन 'इथंच मिटवून टाका' म्हणालं तर सही करू नका. तुमची नको, आणि अजून पाय प्लास्टरमध्ये असलेल्या त्या मुलाचीही घेऊ नका.