मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर सावरावा म्हणून घरच्यांनी काय करावं?

डॉक्टरांनी परवानगी दिली की चालायला लावा. नुसतं पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. एकदम लांब नको, थोडं थोडं पण दिवसातून अनेकदा. उठताना आधी कुशीवर वळायचं, खांदे आणि कंबर एकत्र, मग पाय खाली सोडून हातांच्या जोरावर बसायचं. वाकणं, कंबर पिळणं, वजन उचलणं सध्या बंद. मणके जोडले असतील तर तंबाखू कुठल्याच रूपात नको, हे अगदी कळकळीने सांगतो. निकोटीनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली किंवा ताप येऊन जखम पाझरू लागली, तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.