अमेरिकेतली शाळा : चार्टर, व्हाउचर आणि दारातली सरकारी शाळा
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

गेल्या अंकात परदेशातल्या शाळाप्रवेशाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या नातेवाईकांसाठी आलीत, आणि गंमत म्हणजे ती आयटीवाल्यांच्या घरची नाहीत, हॉटेलात, दुकानात, गॅस स्टेशनवर कामाला गेलेल्यांच्या घरची आहेत. त्यातली काही घेतो.

प्रश्न : माझा भाचा बायको-मुलांना घेऊन न्यूयॉर्कला गेलाय, क्वीन्समध्ये एका ओळखीच्यांच्या तळघरात राहतात कारण भाडं परवडत नाही. मोठा मुलगा १६ वर्षांचा, इथे नववी पास. प्राथमिक मराठीतून झालं, हायस्कूल इंग्रजीतून पण बोलायला अडखळतो. तिथल्या कोणीतरी सांगितलं की घराचं अ‍ॅग्रीमेंट नसेल तर प्रवेश नाही, आणि १६ झाला म्हणजे कामाला लावा, मागाहून जीईडी (हायस्कूल पासच्या बरोबरीची धरतात ती परीक्षा) देईल. मुलगा घरी बसून आहे. काय करावं? — एक मामा, फोंडा

मामा, ज्याने हे सांगितलं त्याचा सल्ला आधी बाजूला ठेवा. न्यूयॉर्कमध्ये हायस्कूल डिप्लोमा, म्हणजे तिथली बारावी पास झाल्याचा दाखला, मिळाला नसेल तर ज्या शालेय वर्षात मुलगा २१ चा होतो ते वर्ष संपेपर्यंत त्याला सरकारी शाळेत फुकट शिकायचा हक्क आहे, म्हणजे अजून भरपूर वेळ आहे. व्हिसा, ग्रीन कार्ड वगैरे शाळेने विचारायचं कामच नाही. टेक्सासने एकदा कागदपत्रं नसलेल्या मुलांच्या शिक्षणाचे पैसे रोखायचा कायदा केला होता, तो १९८२ साली प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात सुप्रीम कोर्टाने उडवला, तेव्हापासून हे सगळ्या देशात लागू आहे.

आता तळघराचं. १९८७ चा मॅकिनी-व्हेंटो नावाचा कायदा आहे तिथे. घर गेलं म्हणून किंवा भाडं परवडत नाही म्हणून दुसऱ्याच्या घरात दाटीवाटीने राहणारं कुटुंब त्या कायद्याप्रमाणे बेघर धरतात, फक्त रस्त्यावर झोपणारेच नाही. आणि असं कुटुंब असेल तर मुलाला ताबडतोब वर्गात बसवावं लागतं, पत्त्याचा पुरावा, लसीचं कार्ड, जुन्या शाळेचा दाखला हे सगळं मागाहून आलं तरी चालतं. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळात, याच कामासाठी एक माणूस नेमलेला असतो. भाच्याला सांगा की क्वीन्समधल्या फॅमिली वेलकम सेंटरला, म्हणजे शाळाप्रवेशाच्या सरकारी ऑफिसात, मुलाला घेऊन जा, सोबत पासपोर्ट किंवा जन्मदाखला असेल तो ने, आणि मराठी दुभाषी पाहिजे म्हणून सांग, फोनवरून का होईना सोय करतात. लाजायचं नाही.

कुठली शाळा? दोन प्रकार विचारून बघायला सांगा. एक, इंटरनॅशनल हायस्कूल. हल्लीच अमेरिकेत आलेल्या आणि इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांसाठीच ही शाळा असते, आणि पहिली १९८५ साली क्वीन्समध्येच लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात सुरू झाली. तिथे आधी इंग्रजी शिक मग विज्ञान शिक असा प्रकार नाही, दहा देशांची पोरं एका टेबलावर बसून प्रोजेक्ट करतात आणि करता करता इंग्रजी बोलायला लागतात. आपल्या पोराला बोलायची भीती आहे ना, तिथे सगळेच अडखळणारे असल्यामुळे हसणारं कोणी नसतं. दुसरा प्रकार ट्रान्सफर स्कूल, वय वाढलंय पण क्रेडिट (विषय पास केला की जमा होणारे गुण) मागे पडलेत अशा मोठ्या मुलांसाठीची छोटी सरकारी शाळा. डिप्लोमाला न्यूयॉर्क शहरात ४४ क्रेडिट लागतात, त्यामुळे इथल्या शाळेतून आठवी-नववीची मार्कशीट हेडमास्तरांच्या सही-शिक्क्यासकट काढून तुम्ही आजच कुरिअर करा, नववीचे काही क्रेडिट धरले गेले तर पोराचं एक वर्ष वाचू शकतं. इथे बसून तुम्हाला करता येण्यासारखं हे एकच काम आहे पण फार मोलाचं आहे.

आणि जीईडी. ती परीक्षा १९४२ साली निघाली ती शिक्षण सोडून युद्धावर गेलेल्या सैनिकांसाठी, आणि आज तेच अमेरिकन लष्कर भरतीत हायस्कूल डिप्लोमावाल्यांना आधी घेतं, जीईडीवाल्यांसाठी जागा कमी ठेवतं. सगळे दरवाजे बंद झाल्यावरचा तो मार्ग आहे, १६ व्या वर्षी पहिला नाही.

प्रश्न : चार्टर स्कूल म्हणजे आपल्याकडचं ग्रँटवालं हायस्कूलच ना? मॅनेजमेंट खाजगी, पगार सरकारचा. मग त्याचं एवढं कौतुक आणि एवढी भांडणं कशाला? — माध्यमिक शिक्षक, डिचोली

सर, बरंचसं तसंच, पण दोन ठिकाणी फरक आहे. आपल्याकडे एकदा ग्रँट लागली की मॅनेजमेंट निवांत. तिथे चार्टर म्हणजे करार, बहुतेक ठिकाणी पाच वर्षांच्या आसपासचा, आणि रिझल्ट नसेल तर करार मोडून शाळा बंद करता येते. दुसरं म्हणजे पैसे डोक्यामागे मिळतात, मूल आलं की त्याच्यासोबत पैसे आले, मूल गेलं की गेले. भांडण इथूनच सुरू होतं, कारण सरकारी शाळेच्या वर्गातून पाच मुलं चार्टरला गेली म्हणून त्या वर्गाची शिक्षिका, बस आणि छप्पर पाच मुलांइतकं कमी होत नाही. पट घसरत गेलेली सरकारी मराठी शाळा तुम्ही डिचोलीत बघितली असेलच, वेगळं समजावायला नको.

आणखी एक मजा बघा. ही कल्पना उचलून धरणाऱ्यांत शिक्षक युनियनचाच पुढारी होता, अल्बर्ट शँकर, १९८८ साली. त्याच्या मनात होतं की शिक्षकांनी स्वतःच नवीन प्रयोग करून बघावेत, आणि पुढे कंपन्या आत शिरताना दिसल्यावर तोच विरोधात गेला. पहिला कायदा मिनेसोटात १९९१ ला, पहिली शाळा सेंट पॉल शहरात १९९२ ला, सिटी अ‍ॅकॅडमी, आणि ती होती शाळा सोडून दिलेल्या पोरांसाठी. म्हणजे मुळात हे प्रकरण मागे पडलेल्यांसाठीच सुरू झालं होतं. ह्यूस्टनला १९९४ मध्ये दोन तरुण मास्तरांनी किप नावाच्या शाळांचं काम सुरू केलं, गरीब वस्तीतली मुलं, शाळेचा दिवस लांब, शनिवारीही वर्ग, आणि ते देशभर पसरलं.

रिझल्टचं म्हणाल तर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो संस्थेने २००९ साली बघितलं तेव्हा गणितात १७ टक्के चार्टर शाळा शेजारच्या सरकारी शाळांपेक्षा चांगल्या निघाल्या, ३७ टक्के वाईट आणि उरलेल्या सारख्याच. २०२३ च्या अहवालात सरासरी थोडी वर आली, आणि सगळ्यात जास्त फायदा शहरांतल्या गरीब कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना झालेला दिसला. तेव्हा चार्टर म्हणजे फसवणूक असंही नाही आणि चार्टर म्हणजे जादू असंही नाही, शाळा कुठली ते बघायचं.

पण मला खटकतं ते वेगळंच. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, मुलं जास्त झाली तर चिठ्ठ्या टाकतात, इथपर्यंत सगळं न्यायाचं वाटतं. पण चिठ्ठी टाकली जाते अर्ज केलेल्यांचीच ना! न्यूयॉर्कमध्ये चार्टरचे अर्ज साधारण १ एप्रिलपर्यंत भरायचे असतात. मामांचा नातू ऑक्टोबरमध्ये पोचला, बापाला दोन शिफ्ट, आईला इंग्रजी येत नाही, त्याच्या नावाची चिठ्ठी डब्यात पडणार कशी? शिवाय बऱ्याच चार्टर शाळा मधल्या इयत्तेत किंवा वर्षाच्या मध्ये नवीन मुलं घेत नाहीत. ज्याला सगळ्यात गरज आहे तो फिरून दारातल्या सरकारी शाळेतच येतो, कारण तिला नाही म्हणायची सोय नाही. म्हणून मी नातेवाईकांना नेहमी सांगतो, आधी सरकारी शाळेत नाव घाला आणि मग चार्टरच्या चिठ्ठीची वाट बघा, उलटं करू नका.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते. नातू ५ वर्षांचा, बोलणं उशिरा आलं, एका जागी बसत नाही. चार्टर शाळेत नंबर लागला म्हणून आम्ही देवाला नारळ ठेवला, आणि महिन्याभरात शाळेची बाई म्हणते याला दुसरी शाळा जास्त सूट होईल. मुलगी रडते. खरंच काढावं का? — एक आजी, म्हापसा

आजी, मुलीला सांगा की तोंडी बोलण्यावर काही करू नको. चार्टर झाली तरी ती सरकारी पैशावरची शाळा, तिलाही अपंग आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचा कायदा लागू आहेच. हा कायदा १९७५ चा, आता त्याला आयडिया म्हणतात, आणि ३ ते २१ वर्षांच्या मुलांना त्यात फुकट तपासणी, फुकट स्पीच थेरपी, गरज असेल तर मदतनीस असं सगळं येतं.

करायचं काय, तर एक पत्र. माझ्या मुलाची स्पेशल एज्युकेशनसाठी तपासणी करा, एवढंच, तारीख घालून, ईमेलने, एक प्रत स्वतःकडे ठेवून. शाळा तपासणीला तयार झाली की आईची लेखी संमती घेते, आणि संमती दिल्यापासून केंद्राच्या कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे, राज्याने स्वतःची ठरवली असेल तर ती. नाही म्हणायचं असेल तर तेही लेखी, कारणासकट द्यावं लागतं. तपासणीत गरज दिसली तर मीटिंग होते आणि आयईपी नावाचा कागद बनतो, त्यात आठवड्याला किती मिनिटं कसली मदत ते लिहिलेलं असतं. त्या मीटिंगला आई हजर पाहिजेच, दुभाषी मागता येतो, आणि कागद पटला नाही तर त्याच दिवशी सही करायची सक्ती नाही, घरी नेऊन वाचते म्हणावं.

दुसरी शाळा जास्त सूट होईल हे वाक्य तिथल्या बऱ्याच आयांनी ऐकलंय. न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ च्या कॅटरिना वादळानंतर जवळजवळ सगळ्याच शाळा चार्टर झाल्या आणि तिथल्या विशेष मुलांच्या पालकांना २०१० मध्ये फेडरल कोर्टात जावं लागलं. कधीकधी दुसरी शाळा खरंच बरी असते हेही खरं, पण आयईपी हातात आल्यावर जा, रिकाम्या हाताने नको.

प्रश्न : अमेरिका एवढी श्रीमंत, मग सरकारी शाळा गरीब का? आणि पैसे थेट पालकांच्या हातात दिले तर प्रश्न सुटणार नाही का? — बीएडचा विद्यार्थी, मडगाव

समजा पर्वरीच्या बंगल्यांची घरपट्टी फक्त पर्वरीच्या शाळांना आणि काणकोणच्या वाड्यावरची फक्त काणकोणच्या शाळांना असं केलं तर काय होईल? तिथे शाळांचा मोठा खर्च असाच स्थानिक मालमत्ता करातून येतो, केंद्राचा वाटा साधारण दहावा हिस्सा. सॅन अँटोनियोमध्ये १९६७-६८ साली एजवूड भागातले गरीब लोक जास्त दराने कर भरून डोक्यामागे २६ डॉलर जमवत होते आणि शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये कमी दरातच ३३३ डॉलर जमत होते. पालक कोर्टात गेले, आणि १९७३ साली सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की शिक्षण हा घटनेतला मूलभूत हक्क नाही. पुढे राज्याराज्यांच्या कोर्टांत लढाया झाल्या, काही ठिकाणी राज्य सरकारांनी भर घातली, तरी फरक पुरता गेलेला नाही.

व्हाउचरचं, म्हणजे खाजगी शाळेच्या फीसाठी पालकांना मिळणाऱ्या सरकारी पैशांचं म्हणशील तर मिलवॉकीत १९९० पासून सुरू आहे, तिथे गरीब घरातल्या मुलांनाच द्यायचे म्हणून सुरुवात झाली. क्लीव्हलँडची योजना २००२ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली, अगदी चर्चच्या शाळेला पैसे गेले तरी. पण २०२२ मध्ये अ‍ॅरिझोनाने उत्पन्न न बघता सगळ्यांनाच खुलं केलं तेव्हा सुरुवातीला अर्ज आले ते बहुतेक आधीपासूनच सरकारी शाळेबाहेर असलेल्या मुलांचे, म्हणजे जे फी भरतच होते त्यांना सरकारने हातभार लावला. आणि खाजगी शाळा नाही म्हणू शकते, वरच्या आजींच्या नातवाला लागू असलेले बरेचसे हक्क तिथे सुटतात. मला हा मार्ग पटत नाही, तुझ्या बीएडच्या वर्गात यावर भांडण लावून बघ.

प्रश्न : पुतणी ओहायोत आहे, शाळा लांब म्हणून मुलीला पूर्णवेळ ऑनलाइन चार्टरला घालू म्हणते. फुकट लॅपटॉप देतात. — वाळपई

लॅपटॉपसाठी नको. क्रेडोनेच २०१५ मध्ये ऑनलाइन चार्टर तपासल्या तेव्हा मुलं गणितात जवळजवळ अख्खं शालेय वर्ष, १८० दिवस, मागे निघाली. आजारपण किंवा तसंच काही कारण असेल आणि घरात दिवसभर बसवणारं मोठं माणूस असेल तर बघा. नाहीतर शाळा लांब आहे म्हणून डिस्ट्रिक्टकडे बस मागा, ओहायोत बऱ्याच मुलांना ती मिळते.

प्रश्न : हे सगळं अमेरिकेचं झालं. माझा मुलगा इथेच दोनदा नववी नापास झाला, शाळा नको म्हणतो. त्याला काय आहे? — एक आई, पेडणे

ताई, एनआयओएस आहे, केंद्र सरकारचं मुक्त शिक्षण मंडळ, १९८९ पासूनचं. दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं आणि पाच विषयांत पास व्हायचं, एकदम नाही जमलं तर एकेक विषय सोडवत पाच वर्षांत पूर्ण करता येतं, मार्क साठत जातात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. गणित डोक्यावरून जात असेल तर त्याऐवजी दुसरा विषय घेता येतो, पण पुढे सायन्स किंवा डिप्लोमा करायचा विचार असेल तर गणित सोडू नका. फॉर्म स्वतः त्यांच्या अधिकृत साइटवर भरा, म्हापशात-पणजीत गॅरंटीने पास करून देतो म्हणणारे एजंट भेटतील, त्यांच्या हातात पैसे देऊ नका.