फलक नंतर, आधी नळाकडे बघ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

शाळाभर शिस्तीचा उपक्रम मुख्याध्यापकांनी तुझ्यावर सोपवला आणि तू आधी फलकांचा खर्च काढलास, हे वाचून हसूच आलं. बारा नियम, त्यातले नऊ ‘नये’ने संपणारे! अगं, एवढे आपण मोठेही पाळत नाही. तीनच ठेव, तेही काय करायचं ते सांगणारे. पैसे नळाच्या तोट्यांना लाव.

पहिला आठवडा काही जाहीर करू नकोस. एक वही घाल. भांडण झालं की लिहायचं: कुठे, किती वाजता, काय झालं, आणि तेव्हा तिथे मोठं माणूस कोण होतं. पोराचं नाव शेवटी. माझा अंदाज, वर्गातली भांडणं थोडीच निघतील; खिचडीच्या आधी नळावरची जास्त. चार तोट्या, दोन कोरड्या, सोलापूरचं ऊन आणि सगळ्या वर्गांना एकच घंटा. तिथे सुविचार काय करणार? पहिली-दुसरीला थोडं आधी सोड, नळापाशी एका शिक्षकाची पाळी लाव, फरशीवर रंगाने पावलं काढ.

मग शिकव, आणि नळापाशी नेऊनच शिकव. चुकीचं कसं ते तू स्वतः कर, घुसाघुशी, पाणी उडवणं, सगळं. पोरं खदखदून हसतील. बरोबर कसं ते त्यांच्याकडून करून घे. उलटं केलंस तर ढकलाढकलीचाच सराव होतो. विडी कामगारांच्या वसाहतीतून, विडी घरकुलातून येणारी, घरी तेलुगू बोलणारी पहिलीतली लेकरं तुझ्या भाषणाने गोंधळतील, केलेलं बघून लगेच उचलतील. दिवाळीनंतर आणि जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर हाच पाठ परत घे. सुट्टीत सगळं धुऊन निघतं.

या पद्धतीची बांधणी अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या मंडळींनी केली, तिला पीबीआयएस म्हणतात, म्हणजे शिक्षेऐवजी चांगलं वागणं शिकवायचं आणि त्याला आधार द्यायचा. त्यांचं एक म्हणणं मला फार पटतं: किमान ८० टक्के शिक्षक तयार झाल्याशिवाय सुरूच करू नका. तुम्ही दहा जण, म्हणजे आठ. खरी अडचण स्टाफरूममध्येच आहे. एकजण व्हरांड्यात पळू देतो, दुसरा त्याच पळण्यासाठी कान पिळतो, मग पोरं नियम शिकत नाहीत, कुठले सर कसे आहेत तेवढं शिकतात. कान पिळणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात बसतही नाही. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना करतं. ज्येष्ठांना हे तू सांगू नकोस, केंद्रप्रमुखांकडून सांगव.

चॉकलेटं वाटू नकोस. ‘बारक्याला आधी पाणी पिऊ दिलंस, बघितलं मी’ एवढं म्हण. एकदा टोकलंस तर चारदा तरी असं काही सापडायला हवं.

हे नीट चाललं तर १०० पैकी साधारण ८० मुलांचं भागतं, असा त्या ओरेगॉनच्या मंडळींचा हिशोब. पंधराएक जणांना रोज सकाळी एका ठरलेल्या शिक्षकाला भेटून वर्गात जायचं आणि सुटताना परत भेटायचं, एवढा आधार लागतो. उरलेल्या चार-पाच जणांचं घर गाठावं लागतं. पण त्याआधी एक बघ: गणिताच्या तासालाच दंगा करणारा पोरगा बाहेर काढल्यावर खूश दिसतो का? दिसला तर त्याला भागाकार येत नसेल. त्याला शिक्षा म्हणून बाहेर काढतेस आणि त्याला हवं ते मिळतं.

शनिवारच्या मीटिंगला खिचडीच्या मावशींनाही बसव. नळावर रोज कोण कोणाला ढकलतं, हे त्यांना तुम्हा दहाजणांपेक्षा जास्त माहीत असतं, आणि त्यांना आजवर कोणी विचारलं नसेल.

तुझे,
सर