कार्डिनल झालं की बदली होते का?

प्रश्न : ताई, आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले. रविवारी शब्दकोड्यात 'पहिले भारतीय कार्डिनल, तीन अक्षरं' असं आलं नि सगळे अडकलो. हे म्हणतात ते गोव्याचे, शेजारचे काका म्हणतात छे, कराचीचे. शेव-उसळ गार झाली पण नाव काही कोणाला आठवेना. आणि कार्डिनल झालं की रोमला बदली होते का?

उत्तर : दोघांनाही अर्धे अर्धे मार्क. आईवडील गोव्याचे, जन्म कराचीतला, 1900 चा. नाव व्हॅलेरियन ग्रेशस.

बदलीचं म्हणाल तर तसं काही नसतं हो, म्हणजे काहीजण असतात रोममध्ये कामाला, पण कार्डिनल हा पोपनी दिलेला मान, त्यासोबत नवा पोप निवडताना ऐंशीच्या आतल्यांना मत देता येतं. ग्रेशसना 1953 मध्ये कार्डिनलची लाल टोपी मिळाली तरी ते शेवटपर्यंत मुंबईचे आर्चबिशपच (तिथल्या कॅथलिकांचे प्रमुख धर्मगुरू) राहिले.

मला त्याच्या आधीचा किस्सा जास्त आवडतो. पोप आणि पोर्तुगाल यांच्यातल्या 1928 च्या करारामुळे मुंबईत एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असे आळीपाळीने आर्चबिशप यायचे, म्हणजे आपल्या माणसाचा नंबर लागूच नये अशी पक्की सोय! 1937 मध्ये रॉबर्ट्स नावाचे इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू) आर्चबिशप म्हणून आले, त्यांना हे पटेना, मग 1946 मध्ये ग्रेशस सहायक बिशप झाल्यावर सगळा कारभार त्यांच्यावर सोपवून हे आपले देशाबाहेर निघून गेले, आणि पोर्तुगालशी नवा करार होऊन राजीनामा मंजूर व्हायला 1950 उजाडलं. चार वर्षं नुसतं नावाला आर्चबिशप! आमच्या सोसायटीचे चेअरमन चार दिवस गावाला गेले तरी टाकीची चावी कोणाला देत नाहीत.

मग 1964 मध्ये मुंबईत युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा जागतिक मेळावा, भरली, त्याला पोप पॉल सहावे आले, भारतात आलेले पहिलेच पोप. ग्रेशसना 1966 मध्ये पद्मविभूषण. आणि गंमत म्हणजे तोपर्यंत आपलं बडोदापण त्यांच्याच मुंबई धर्मप्रांतात होतं, त्याच वर्षी वेगळं झालं.

ऑगस्ट 1978 मध्ये पोपची निवडणूक लागली पण आजारपणामुळे त्यांना जाता आलं नाही, 11 सप्टेंबरला मुंबईतच गेले.

तर ग्रे, श, स. बसतंय ना तीन घरांत? आडव्या शब्दाशी जुळत नसेल तर आधी तो तपासा, तोच चुकला असेल.